केंदूरच्या बालकाचा हक्क

शिरूर तालुक्यातील केंदूर हे संत कान्हूराज पाठक यांचे गाव. पाऊसमान बेताचे आणि शेती विहिरी-बंधाऱ्यांच्या भरवशावर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अशा गावांतील अंगणवाड्यांमध्ये तपासणीसाठी जाते. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंगे, आजार, कमतरता आणि वाढीतील विलंब हुडकून काढले जातात. उपक्रम स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु पथकातील डॉक्टरांना एखाद्या दोन वर्षांच्या बालकाच्या हृदयाच्या ठोक्यात वेगळा आवाज ऐकू आला आणि त्यांनी तो कागदावर नोंदवला, की त्यानंतरचा प्रवास त्या बालकाच्या आईबापांचा असतो. वाघोली-लोणीकंदच्या वाहनकोंडीतून सुमारे ५० किलोमीटरवरचे पुणे गाठायचे, तेथे इको तपासणीसाठी तारीख घ्यायची, आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर कदाचित मुंबई. यात बुडणारी मजुरी आणि घरी मागे राहिलेली भावंडे कोणत्याही योजनेच्या हिशेबात येत नाहीत.

बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस नव्हे, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला पटायला पश्चिमेत एकोणिसावे शतक उजाडावे लागले. नवजात अर्भकाचे हृदय त्याच्या मुठीएवढे असते. त्याची औषधाची मात्रा वजनागणिक मोजावी लागते, त्याला भूल देणारा तज्ज्ञ वेगळा लागतो, परिचारिका वेगळ्या प्रशिक्षणाची लागते. भारतात मात्र कौमारभृत्य ही आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक स्वतंत्र शाखा मानली गेली होती, आणि काश्यपसंहितेने तर तिला आठही अंगांत अग्रस्थान दिले. वर्षाचे होऊनही जे मूल पायांवर उभे राहत नाही त्याच्या 'फक्क' रोगाची चिकित्सा या ग्रंथात आहे, आणि त्या मुलासाठी तीन चाकांची गाडीही सांगितली आहे. या वारशाचा अभिमान अवश्य बाळगावा. पण ज्या समाजाने बालकासाठी चाकांची गाडी कल्पिली, त्याच समाजातील बालक आज एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात चिठ्ठी घेऊन फिरत असेल, तर केवळ अभिमान बाळगून भागत नाही.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालय १८५२ मध्ये अवघ्या दहा खाटांवर सुरू झाले. पुढे १९४६ मध्ये त्याला बाल आरोग्य संशोधन संस्थेची जोड मिळाली. एकाच आवारात उपचार करणारा, संशोधन करणारा आणि शिकवणारा असे तिघे एकत्र आले, आणि बहुधा ते तिघे म्हणजे एकच डॉक्टर असे. सकाळी वॉर्डात जो प्रश्न अडवतो, तोच दुपारी प्रयोगशाळेत जातो आणि सायंकाळी विद्यार्थ्यांपुढे मांडला जातो. ही साखळी तुटली की रुग्णालयाचे रूपांतर केवळ दुरुस्तीच्या कारखान्यात होते. इंग्रजांचे सारेच अनुकरणीय मानण्याचे कारण नाही, परंतु जे अनुकरणीय आहे ते नाकारण्याचेही कारण नाही. जेम्स बॅरी या लेखकाने आपल्या 'पीटर पॅन' या कृतीचे हक्क १९२९ साली या रुग्णालयाला देऊन टाकले.

योगायोग असा की, त्याच १९२९ साली मुंबईत परळला बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय सुरू झाले. नवरोजी वाडिया यांच्या पत्नी जेरबाई यांच्या नावाने त्यांचे पुत्र सर नेस आणि सर कुसरो यांनी ते उभारले. या भूमीशी दुधात साखरेसारख्या मिसळलेल्या पारशी समाजाच्या दातृत्वाचे हे लेणे आहे. भारतीय बालरोगशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. जॉर्ज कोएलो यांचे कार्य याच रुग्णालयात बहरले. देशभरातील बालरोगतज्ज्ञ आणि बालशल्यविशारद येथे शिकून गेले. राष्ट्रीय बालरुग्णालय म्हणावे अशी पात्रता महाराष्ट्रात कोणत्या वास्तूची असेल, तर ती प्रथम याच वास्तूची.

आणि या वास्तूच्या वाट्याला काय आले? जानेवारी २०२० मध्ये निधीअभावी रुग्णालय बंद पडण्याची वेळ आली. विश्वस्त, मुंबई महापालिका आणि राज्य शासन यांच्यात थकबाकीवरून वाद होता. पालक रस्त्यावर उतरले, उच्च न्यायालयाने शासनाला खडे बोल सुनावले, आणि मग ४६ कोटी रुपयांची घोषणा झाली. हिशेबात चूक कोणाची, हा प्रश्न लेखापालांनी सोडवावा. देशातील अनेक छोट्या राज्यांना लाजवील असा अर्थसंकल्प असलेल्या महापालिकेच्या नगरीत नव्वद वर्षांचे बालरुग्णालय कुलूप लागण्याच्या उंबरठ्यावर पोहोचू शकते, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले. ज्या संस्थेचे पालकत्व तिघांत विभागलेले असते तिला संकटकाळी एकही पालक नसतो.

आता पुन्हा शिरूरकडे वळू. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीने पावन झालेल्या वढू बुद्रुक येथे डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण केंद्र उभे केले. १९९३ साली मॅगसेसे पुरस्काराने गौरविलेल्या कोयाजीबाईंनी गावातल्याच मुलींना आरोग्याचे धडे दिले, आणि शहरातील डॉक्टरला गावात आणून बसवले. या केंद्राचे मोल देशाला पुढे कळले. लहान मुलांच्या जीवघेण्या जुलाबांना कारणीभूत असणाऱ्या रोटाविषाणूचा एक प्रकार १९८०च्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नवजात बालकांमध्ये सापडला. डॉ. महाराज किशन भान यांच्या चमूने त्यापासून लस घडवण्याचा ध्यास घेतला, आणि हैदराबादच्या भारत बायोटेकने ती बनवली. तिची अंतिम चाचणी २०११ पासून दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातील वढू अशा तीन ठिकाणी झाली. ६,७९९ अर्भके त्यात सहभागी होती. लस उपयुक्त ठरली आणि २०१६ पासून शासकीय लसीकरणात आली.

म्हणजेच शिरूरच्या मातीतील आयांनी आपली तान्ही बाळे विश्वासाने पुढे केली, म्हणून देशाला स्वदेशी लस मिळाली. महाराष्ट्राच्या शासकीय लसीकरणात मात्र रोटाविषाणूवरील लस यायला २०१९ उजाडले.

दुसरे उदाहरण अधिक विचार करायला लावणारे आहे. केईएम, पुणेचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. पण हाडकुळ्या दिसणाऱ्या या बाळांच्या अंगात स्नायू कमी असूनही चरबी मात्र तुलनेने टिकून होती. मोठेपणी मधुमेहाकडे नेणारी वाट आईच्या उदरातच सुरू होते, हा विचार त्यातून बळावला. बहुसंख्य मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव आढळली. शाकाहाराचा अभिमान बाळगणाऱ्या घरांनी तर हे मुळीच दुर्लक्षू नये. दूध-ताकाचा वाटा सुनेच्या ताटात किती पडतो, हे एकदा पाहावे. अशी उत्तरे लंडनच्या किंवा बॉस्टनच्या प्रयोगशाळेत सापडत नाहीत, कारण तेथे हा प्रश्नच पडत नाही.

मनोविकारांसाठी बंगळुरूला निम्हान्स आहे, हृदय व मेंदूच्या विकारांसाठी तिरुवनंतपुरमला श्रीचित्रा आहे. संसदेने या दोन्ही संस्थांना राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा दिला. श्रीचित्रात घडलेली स्वदेशी हृदयझडप १९९०च्या दशकापासून सामान्य रुग्णांना परवडू लागली, ती या दर्जातून आलेल्या स्थैर्यामुळे. बालकांसाठी मात्र असा दर्जा असलेली संस्था देशात नाही. २०२०च्या नमुना नोंदणी अहवालानुसार दर हजार जिवंत जन्मांमागे देशात २८ अर्भके पहिला वाढदिवस पाहत नव्हती. महाराष्ट्रात हा आकडा १६, केरळात ६. महाराष्ट्राने स्वतःची तुलना मध्य प्रदेशाशी करून समाधान मानायचे, की केरळाशी करून कामाला लागायचे, हे शासनाने ठरवावे.

मागणी मोठी आहे, पण स्वप्नाळू नाही. परळच्या वाडिया रुग्णालयाला केंद्राने राष्ट्रीय बाल आरोग्य संस्थेचा दर्जा द्यावा, देणगीदारांचे नाव व हेतू अबाधित ठेवून निधीची जबाबदारी एका ठिकाणी आणावी, आणि वढूसारखी ग्रामीण केंद्रे तिला जोडावीत. बालरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाला सहा महिने अशा केंद्रात राहणे अनिवार्य करावे. केवळ नवी इमारत बांधून उद्घाटनाची फीत कापण्याने यातले काहीही साधणार नाही.

समाजाचा वाटाही आहेच. नाना पालकरांच्या स्मृतीत १९६८ साली सुरू झालेल्या समितीने परळमध्ये बाहेरगावच्या रुग्णांची व नातेवाइकांची राहण्या-जेवण्याची सोय केली. संभाजीनगरला तरुण डॉक्टरांच्या एका गटाने १९८९ मध्ये डॉ. हेडगेवार रुग्णालय उभे केले. पुण्यात उपचारासाठी आलेल्या शिरूर-दौंडच्या मातेला आठ दिवस डोक्यावर छप्पर हवे असते, सोबत रुग्णालयाच्या रांगेत उभे राहणारा माणूस हवा असतो, आणि परतल्यावर औषध वेळेवर दिले जाते की नाही हे पाहणारी ओळखीची ताई हवी असते. शाखा असलेल्या प्रत्येक गावाने आपल्या अंगणवाडीतून 'पुढील तपासणीसाठी' पाठवलेल्या मुलांची यादी मागून घ्यावी, आणि त्यातील किती मुले प्रत्यक्ष तपासणीपर्यंत पोहोचली हे घरोघर जाऊन पाहावे. त्यासाठी संसदेच्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.