मौन हेच गुन्हेगाराचे अभय

मडगावातील एका अनाथाश्रमाच्या आडून चालणारे बालकांचे लैंगिक शोषण १९९१ मध्ये उघडकीस आले. आश्रमचालक फ्रेडी पीट याला १९९६ मध्ये जन्मठेप झाली. अनाथांचा आधार म्हणून वावरणाराच भक्षक निघाला, आणि हे वर्षानुवर्षे कुणाच्या ध्यानी आले नाही. हा देखरेखीचा आणि समाजाच्या जागरूकतेचाही पराभव होता.

पुढे २००३ मध्ये गोव्याने बालकांसाठी स्वतंत्र कायदा केला. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची व्याख्या आणि विशेष बालन्यायालय यांची तरतूद त्यात होती. देशव्यापी ‘पोक्सो’ कायदा आला तो २०१२ मध्ये, म्हणजे तब्बल नऊ वर्षांनी. गोव्याच्या कायद्याचे मर्म मात्र केवळ शिक्षेत नाही. कुटुंबीय वा नातलगांसोबत नोंद झाल्याशिवाय हॉटेलच्या खोलीत बालकाला प्रवेश देऊ नये, तसेच बालकांची अश्लील छायाचित्रे धुण्यास आल्यास छायाचित्रकाराने पोलिसांना कळवावे, असे त्यात म्हटले आहे. पाहणाऱ्याने पाहून न पाहिल्यासारखे करू नये, हा त्याचा गाभा.

कठोर शिक्षेची मागणी रास्तच आहे. २०१९ मध्ये ‘पोक्सो’त फाशीचीही तरतूद झाली. परंतु तक्रारच झाली नाही, तर फाशीचा दोर कुणासाठी? बहुतांश प्रकरणांत आरोपी परिचित असतो. नात्यातला, शेजारचा, शिकवणीचा. तेथे ‘घराण्याची अब्रू’ आडवी येते आणि पीडित बालकालाच गप्प बसवले जाते. वास्तविक अब्रू जाते ती अत्याचार करणाऱ्याची. निष्पाप लेकराची नव्हे.

पालकांच्या मनातील भीतीचा विचार कायद्याने केला आहे. बालकाचा जबाब त्याच्या घरीही घेता येतो, जबाब घेताना पोलीस अधिकारी गणवेशात नसावा असा दंडक आहे, सुनावणी बंद दाराआड होते आणि बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. गुन्ह्याची माहिती असूनही न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

आपली कुटुंबव्यवस्था ही आपल्या समाजाची शक्ती, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या अभिमानाची कसोटी येथेच आहे. ‘ते काका मला आवडत नाहीत’ असे लेकराने सांगितल्यावर त्याला दटावायचे की जवळ घेऊन ऐकायचे, हे कोणतेही विधिमंडळ ठरवू शकत नाही. ते घराघरातच ठरावे लागेल. सज्जनांचे मौन सुटेल, तेव्हाच कायद्याला धार येईल.