डोळे मिटण्याची सक्ती नको



महाराष्ट्रातील शाळांत ‘मित्र उपक्रमा’तून आनापान, म्हणजे श्वासावरचे ध्यान, शिकवले जाते. मुलांनी रोज काही मिनिटे श्वासाकडे लक्ष द्यावे, याला माझा विरोध नाही. पण अख्ख्या वर्गाला एकदम डोळे मिटायला लावायचे आणि तेवढ्यावर मुलांच्या मनाची काळजी घेतली असे मानायचे, हे मला मान्य नाही.

ध्यानाने ताण हलका होतो, याबद्दल वाद नाही. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात माइंडफुलनेसचा (सजगतेचा) अभ्यासक्रम सुरू केला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत चिंताविकाराच्या रुग्णांना त्याचा गुण एस्सिटालोप्राम या औषधाच्या तोडीचा आला. मात्र ते रुग्ण प्रौढ होते, आपण होऊन आले होते आणि शिकवणारे मुरलेले होते. साठ मुलांच्या वर्गात यातले काय असते?

शाळेत सजगता शिकवून उपयोग होतो का, हे ब्रिटनमध्ये तपासून झाले आहे. ‘मिरियड’ प्रकल्पात ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुले होती. २०२२ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा सजगतेचे धडे घेतलेल्या मुलांचे मानसिक आरोग्य इतरांपेक्षा सरस नव्हते. बहुतेकांनी घरी सरावच केला नव्हता. शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला होता.

मला खरी काळजी आहे ती आघात सोसलेल्या मुलांची. घरात मार खाणाऱ्या किंवा लैंगिक अत्याचार झालेल्या मुलीला ‘डोळे मिट, शांत बस’ म्हटले, की दाबून ठेवलेले प्रसंग उसळून वर येऊ शकतात. छातीत धडधड होते, घाम फुटतो, आणि वर्गात सगळे गप्प बसलेले असताना तिला उठताही येत नाही. चुळबुळ केली तर बेशिस्त म्हणून ओरडा बसतो. अशा मुलांसाठी काय करावे, हे डेव्हिड ट्रेलीव्हन यांनी सजगता आणि आघात यांवरील २०१८ च्या पुस्तकात सांगितले आहे: डोळे उघडे असू द्यावेत, श्वास नकोसा वाटला तर पावलांकडे किंवा बाहेरच्या आवाजांकडे लक्ष न्यावे, हवे तेव्हा थांबता यावे. यासाठी पैसाही लागत नाही.

शिक्षण विभागाने आनापान ऐच्छिक आहे असे शाळांना स्पष्ट लेखी कळवावे, शिक्षकांच्या प्रशिक्षणात आघाताची लक्षणे शिकवावीत आणि शाळांना समुपदेशक द्यावेत. मूल रडू लागले तर त्याला कोणाकडे न्यायचे, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असल्याशिवाय सत्र सुरू करू नये.

– एक निवृत्त शिक्षिका, नाशिक