कॅमेऱ्याला कौल

कोकणातल्या देवळांत अजूनही देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणे घालायचे आणि सर्वांनी श्वास रोखून बघत राहायचे. उजवी पाकळी पडली की देवाचा होकार, डावी पडली की नकार. पण डावी पडली म्हणून मुकाट्याने घरी गेलेला यजमान कधी कुणी पाहिला आहे काय? तो म्हणतो, "गुरवा, पुन्हा एकदा विचार." अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या शौकिनांनी हाच कौल आता कॅमेऱ्याला लावला आहे. माझे भांडण कॅमेऱ्याशी नाही, आणि त्या गुरवाशी, म्हणजे मैदानावरच्या पंचाशी, तर मुळीच नाही. माझे भांडण आहे ते "पुन्हा विचार" म्हणणाऱ्या यजमानाशी!

वाचक म्हणतील, मास्तर, दिवाळीच्या फराळात हा अमेरिकेचा पदार्थ कशाला? तर मंडळी, आपली कितीतरी भाचरे-पुतणे आज ओहायोत, मिशिगनात, टेक्सासात शिकताहेत. शनिवारी सामना पाहतात आणि रविवारी फोनवर आपल्याला पंचाच्या नावाने शिव्या ऐकवतात. माझ्या भाच्याचा असा फोन मी तीन हंगाम ऐकतो आहे. तेव्हा हा वाद आता आपल्याही ओसरीवर आला आहे.

खेळ थोडक्यात सांगतो. नाव फुटबॉल, पण चेंडू लंबगोल आणि बहुतेक वेळ हातात. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. या प्रयत्नाला 'डाऊन' म्हणतात. साधले तर नवे चार प्रयत्न, न साधले तर चेंडू प्रतिपक्षाचा. रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात १८६९ साली झालेला सामना हा कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना मानतात. आज ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक माणसे बसतात. एवढ्या माणसांसमोर, बावीस धिप्पाड देहांच्या ढिगाखाली चेंडू नेमका कुठे थांबला, हे पंचाने डोळ्यांनी पाहून सांगायचे! चूक होणारच.

ती चूक पकडायला कॅमेरा आला. तोही सुरुवातीला न्यायाधीश म्हणून आला नव्हता. करमणूक म्हणून आला होता. ७ डिसेंबर १९६३ रोजी आर्मी आणि नेव्ही यांच्या सामन्यात सीबीएसच्या टोनी व्हर्ना या दिग्दर्शकाने आर्मीचा एक टचडाऊन लगेच पुन्हा दाखवला. आर्मीने दुसऱ्यांदा गुण मिळवलेले नाहीत, हे समालोचकाला प्रेक्षकांना मुद्दाम सांगावे लागले. पुढे २००४ साली बिग टेन या विद्यापीठांच्या संघटनेने प्रयोगादाखल रिप्लेला न्यायासनावर बसवले आणि २००६ पासून ती पद्धत सर्वत्र रूढ झाली.

नियम तसा शहाणपणाचा आहे. मैदानावरचा निर्णय फिरवायचा असेल, तर चित्रातला पुरावा निर्विवाद हवा. म्हणून २०२४ पर्यंत निकाल तीन तऱ्हेचे असत: निर्णय बरोबर ठरला, निर्णय चूक ठरला, आणि पुरावा पुरेसा नाही, तेव्हा निर्णय आहे तसाच राहील. सगळे रामायण घडे ते या तिसऱ्यापाशी. २६ नोव्हेंबर २०१६ रोजी कोलंबस येथे ओहायो स्टेट आणि मिशिगन यांचा सामना दुसऱ्या जादा डावात गेला. चौथ्या डाऊनवर ओहायोच्या खेळाडूला एक यार्ड हवा होता. पंच म्हणाले, मिळाला. रिप्ले पाहिला, निर्णय तसाच राहिला. पुढच्याच खेळीत ओहायोने सामना ३०-२७ असा जिंकला. मिशिगनच्या प्रशिक्षकाने पंचांवर जाहीर तोफ डागली, तेव्हा संघटनेने विद्यापीठाला दहा हजार डॉलर दंड केला. ते चित्र शौकिनांनी आजवर किती वेळा थांबवून, मोठे करून पाहिले असेल! ओहायोवाल्याला त्यात चेंडू रेषेवर दिसतो, मिशिगनवाल्याला तो रेषेच्या अलीकडे दिसतो. चित्र एकच आहे ना? मग डोळ्यांत काय गेले?

यावर मला सांगतात, "मास्तर, तुम्हाला अन्याय चालतो काय?" मुळीच चालत नाही. रिप्ले बंद करा असे मी म्हणत नाही. त्याने पुष्कळ चुका सुधारतात. पण ज्याला तुम्ही निर्विवाद म्हणता, त्या कॅमेऱ्यामागेही माणूसच बसतो. १६ सप्टेंबर २००६ रोजी ओरेगॉनने ओक्लाहोमाला ३४-३३ असे हरवले. शेवटी शेवटी एका छोट्या किकवर ओरेगॉनच्या खेळाडूने चेंडूला दहा यार्डांच्या आत हात लावला होता. रिप्ले पाहूनही निर्णय चुकीचाच राहिला. संघटनेने चूक मान्य केली, पंचांना एका सामन्यापुरते निलंबित केले. ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी मायामीने ड्यूकविरुद्ध वेळ संपल्यावर आठ वेळा चेंडू हातोहात फिरवून ३०-२७ असा विजय मिळवला. त्यात एकाचा गुडघा जमिनीला टेकला होता. सुमारे नऊ मिनिटे रिप्ले चालला, तरी तो गुडघा सुटलाच! त्या पंचांवर दोन सामन्यांची बंदी आली.

हे झाले पंचांचे. आता शौकिनांचे ऐका. २००६ च्या त्या सामन्यानंतर रिप्ले पाहणाऱ्या पंचाच्या घरी धमक्यांचे फोन गेले. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या अध्यक्षांनी, म्हणजे विद्येच्या माहेरघराच्या कुलपुरुषाने, तो सामनाच दप्तरातून खोडून टाकावा अशी मागणी केली. आणि १९ ऑक्टोबर २०२४ रोजी ऑस्टिनला टेक्सास-जॉर्जिया सामन्यात तर कळस झाला. टेक्सासविरुद्ध एक दंड दिला गेला. हा दंड रिप्लेच्या कक्षेतलाच नव्हता. प्रेक्षकांनी मैदानावर बाटल्या फेकल्या. खेळ थांबला, पंचांनी आपसांत विचारविनिमय केला आणि दंड मागे घेतला. बदललेला निर्णय योग्य असेल. पण तिथे बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोराने काय धडा घेतला? बाटली फेकली की न्याय मिळतो! टेक्सासला पुढे अडीच लाख डॉलर दंड झाला. पण तो धडा पोराच्या डोक्यातून कोणता दंड पुसणार आहे?

शिवाय आता या रागाला पैशाचे तेल मिळाले आहे. २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सामन्यांवरील सट्ट्याचा मार्ग राज्यांना मोकळा करून दिला. ज्याचे पैसे लागले आहेत, त्याला पंच कसा दिसणार? खिसेकापूसारखाच!

मी शाळामास्तर आहे. निकाल लागला की उत्तरपत्रिका पुन्हा तपासा म्हणून पालक येतात. यावेत, त्यांचा तो हक्कच आहे. पण इतक्या वर्षांत एकही पालक असा आला नाही, की "मास्तर, पोराला चार गुण जास्त पडलेत, तेवढे कापा." फेरतपासणी हवी असते ती फक्त उणे पडलेल्या गुणांची. याला न्यायाची चाड म्हणायचे काय? सरळ शब्द वापरा की: ही विजयाची भूक आहे, आणि तिने न्यायाचे सोवळे नेसले आहे.

आणि न्यायाची खरी चाड असलेली माणसे झालीच नाहीत असे थोडेच आहे! १९४० सालच्या नोव्हेंबरात कॉर्नेलने डार्टमथला ७-३ असे हरवले. त्या हंगामात कॉर्नेलचा संघ तोवर अजिंक्य होता. पंचांची मोजणी चुकली आणि कॉर्नेलला चाराऐवजी पाच डाऊन मिळाले. विजयाचे गुण त्या पाचव्यावरच आले. पुढे सामन्याची फिल्म पाहिली आणि चूक दिसली. कॉर्नेलने तार करून विजय सोडून दिला. निकाल झाला डार्टमथ ३, कॉर्नेल ०. बरोबर पन्नास वर्षांनी, ६ ऑक्टोबर १९९० रोजी, कोलोरॅडोला मिसूरीविरुद्ध असाच पाचवा डाऊन मिळाला आणि त्यावर त्यांनी सामना ३३-३१ असा जिंकला. तार गेली नाही. विजय ठेवला, आणि त्या वर्षीच्या राष्ट्रीय अजिंक्यपदात वाटाही घेतला. फिल्म १९४० साली होती, १९९० साली तर त्याहून कितीतरी चांगली होती. मग कमी काय पडले, वाचकहो?

हा अमेरिकेचाच रोग आहे असे मानून आपण चकली मोडू नये. १९८० साली मुंबईत वानखेडेवर इंग्लंडच्या बॉब टेलरला पंचांनी बाद दिले. तो बाद नव्हता असे वाटून भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याने त्याला परत बोलावले. टेलरने बोथमबरोबर मोठी भागी केली आणि आपण सामना हरलो. आज कुणा कर्णधाराने असे केले, तर त्याचे कौतुक करणारे आपल्या आळीत किती निघतील?

म्हणून रविवारी फोन आला, की मी भाच्याला एवढेच विचारतो: "तुझ्या संघाच्या बाजूने पंच चुकला, असा यंदाचा एक तरी निर्णय सांग." फोन क्षणभर गप्प होतो, मग तो हवापाण्याचे बोलू लागतो. तुमच्याही घरी असा फोन येत असेल. तुम्हीही विचारून पाहा. ज्याला असा एक निर्णय सांगता येईल, त्याने खुशाल पंचाला नावे ठेवावीत. बाकीच्यांनी फराळ करावा.