पहिल्या घाण्यातली चकली

दिवाळीच्या चकल्या तळताना पहिल्या घाण्यातली एक चकली कोणीतरी मोडून बघतंच. कडक झाली तर मोहन कमी पडलं, तेलात विरघळायला लागली तर जास्त झालं. मग उरलेलं पीठ सुधारता येतं. घरातली जाणती बाई चकली मोडते म्हणून तळणारीचा अपमान होत नाही. उलट न मोडता, न चाखता "वा, छान झाल्यात" म्हणणाऱ्या पाहुण्याचा त्या वेळी काहीच उपयोग नसतो.

मंडळी, आपल्यापैकी कितीतरी जण इथे सॉफ्टवेअरमध्ये आहेत. दुसऱ्याने लिहिलेला कोड तपासून मंजूर करायचं, म्हणजे कोड रिव्ह्यूचं काम आपल्याकडे रोज येतं. माझं स्पष्ट मत असं, की हे काम आपण बहुतेक वेळा त्या पाहुण्यासारखं करतो. मीही तेच केलं होतं, म्हणून हा लेख.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं पत्त्यांविषयी. आपल्याकडे यूएईत पत्रं पूर्वापार पोस्ट बॉक्सवर येतात. बऱ्याच जणांनी वर्षानुवर्षं कंपनीचाच पोस्ट बॉक्स वापरला. शेकडो माणसांची पत्रं एका क्रमांकावर यायची आणि ऑफिस बॉय नावं बघून ती वाटायचा. इंटरनेटचे जुने पत्ते, म्हणजे आयपीव्ही४, आज असेच वापरले जातात. ते एकूण सुमारे ४३० कोटीच आहेत. त्यामुळे घरातले सगळे फोन आणि लॅपटॉप एकाच पत्त्यामागे राहतात आणि वाटपाचं काम राउटर करतो. युरोपबरोबरच आपल्या या भागालाही पत्ते देणाऱ्या राइप एनसीसी या संस्थेकडचा जुन्या पत्त्यांचा साठा २५ नोव्हेंबर २०१९ रोजी संपला.

नवे पत्ते, म्हणजे आयपीव्ही६, दुबईतल्या मकानी नंबरसारखे आहेत. इमारतीच्या प्रत्येक प्रवेशद्वाराला जसा स्वतःचा दहा आकडी नंबर, तसा प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता मिळू शकतो. हे पत्ते इतके आहेत की ३४ वर ३७ शून्यं द्यावी लागतील. त्यांचं मानक डिसेंबर १९९८ मध्येच आलं. भारतात २०१६ मध्ये जिओ आलं तेच हे पत्ते घेऊन, आणि आज ते वापरणाऱ्या आघाडीच्या देशांत भारत आहे. पुण्यातल्या आजीच्या फोनला बहुधा असा पत्ता आहे. ऑफिसातली आपली अवजारं मात्र अनेकदा मागेच राहतात.

आमच्याकडे असंच एक अवजार होतं. दूरच्या यंत्रात चालणारा प्रोग्राम कुठे अडकला, हे आपल्या टेबलावरून बघायचा डीबगर. यंत्रावर एक छोटा प्रोग्राम बसतो, आपल्या लॅपटॉपवर दुसरा, आणि दोघं नेटवर्कवरून बोलतात. टीममधल्या एका मुलाने त्यात नव्या पत्त्यांची सोय केली. मुलगा इथेच जन्मलेला, नोकरीतलं त्याचं पहिलंच वर्ष. कोड नीटनेटका होता, सगळ्या चाचण्या पास होत्या. मी दहा मिनिटं वरवर नजर फिरवली, "मस्त" असं लिहिलं आणि मंजुरीचं बटण दाबलं.

काही आठवड्यांनी शहराबाहेरच्या एका पंपिंग स्टेशनवर रात्री बिघाड झाला आणि डीबगर यंत्राला जोडलाच जाईना. त्या यंत्राच्या नावाला दोन पत्ते नोंदवलेले होते, एक नवा आणि एक जुना. तिथली फायरवॉल नव्या पत्त्याकडे जाणारं सगळं गुपचूप टाकून देत होती. आमचं अवजार नव्या पत्त्याचं दार ठोठावत बसलं आणि वेळ संपल्यावर हार मानून मोकळं झालं. शेजारचा जुना पत्ता त्याने वापरून पाहिलाच नाही. चाचण्या पास झाल्या होत्या, कारण त्या सगळ्या एकाच मशीनवर, स्वतःशीच बोलून घेतलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये "हे कोणी लिहिलं?" असा प्रश्न आला. मुलाने हात वर केला. "हे कोणी तपासलं?" असं कोणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही. ते गप्प बसणं मला आजही टोचतं.

या कामाचं एक चांगलं उदाहरण सगळ्यांसमोर आहे. जीडीबी हा १९८६ पासूनचा, जगभर वापरला जाणारा डीबगर. त्यात आयपीव्ही६ आलं जुलै २०१८ मध्ये, आणि मे २०१९ च्या ८.३ आवृत्तीतून ते सर्वांना मिळालं. मानकानंतर वीस वर्षांनी! बदल करणाऱ्याने सोबतच्या टिपणात लिहून ठेवलं की २००६ पासूनचा हा चौथा प्रयत्न आहे. आधीच्या तिघांच्या कल्पना वापरल्या म्हणून त्याने नोंदीत त्यांचीही नावं घातली.

एवढं अवघड काय होतं? एक साधी गोष्ट बघा. जुन्या पद्धतीत पत्ता, मग कोलन, मग पोर्टचा क्रमांक असं लिहितात. नव्या पत्त्याच्या पोटातच कोलन असतात. मग पत्ता कुठे संपला आणि पोर्ट कुठे सुरू झाला? म्हणून पत्ता चौकटी कंसात लिहायची सोय करावी लागली. वर जुन्या सवयीने लिहिणाऱ्यांचंही काही बिघडू द्यायचं नव्हतं. असे प्रश्न चाचण्या आपणहून विचारत नाहीत. ते तपासणाऱ्या माणसाला सुचावे लागतात.

म्हणून अनुभवी मंडळींना माझं सांगणं आहे. मंजुरी देण्याआधी निदान तीन प्रश्न विचारा. एका नावाला दोन पत्ते असतील आणि पहिला उत्तरच देत नसेल तर काय होईल? नवे पत्ते मुळीच नसलेल्या नेटवर्कवर हे चालवून पाहिलंय का? जोडणी फसली तर स्क्रीनवर काय दिसेल, आणि रात्री दोन वाजता साइटवर उभ्या असलेल्या माणसाला त्यावरून काही कळेल का? "वेळ नाही" हे मला मान्य नाही. वेळ खरोखरच नसेल तर "मी तपासलेलं नाही" असं लिहा; तेही चालेल. आणि आपण मंजूर केलेल्या कामात चूक निघाली तर मीटिंगमध्ये दुसरा हात आपला असू द्या.

तरुण मित्रमैत्रिणींनो, तुमच्या कोडवर वीस शेरे आले तर वाईट वाटतं, हे मला ठाऊक आहे. पण शेरा लिहिणाऱ्याने तुमच्या कामाला आपला वेळ दिलेला असतो. माझ्या "मस्त" या शब्दाने त्या मुलाला काय मिळालं? सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली. मी पाच प्रश्न विचारले असते तर एक दुपार गेली असती, एवढंच.

उशिरा का होईना, मी त्याच्या टेबलाशी जाऊन माफी मागितली. "सर, मला वाटलं तुम्ही बघितलंय म्हणजे बरोबरच असणार," तो म्हणाला. नंतरची दुरुस्ती आम्ही शेजारी बसून ओळ न ओळ वाचली. दोन तास लागले. आता तो माझा कोड तपासतो, आणि सहसा एका फेरीत सोडत नाही.