शेततळ्याचे पाणी तपासताना

2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि मराठवाड्यात गावोगाव शेततळी झाली. काही शेतकरी बांधवांनी त्यांत रोहू, कटला, मृगळ सोडले. मासे पाण्यावर तोंड काढू लागले की पाणी तपासण्याची पेटी आणली जाते, घाईत आकडा काढला जातो आणि कोणीतरी कळीचा चुना टाकायला सांगतो. चुन्याचे पोते फोडण्याआधी तो आकडा खरा आहे का, ते पाहावे.

पहिली गोष्ट वेळेची. पाण्यातले हिरवे शेवाळ उन्हात कर्बवायू ओढून घेते. त्यामुळे सामू पहाटे कमी व दुपारी तीन-चारला जास्त असतो. एकाच तळ्यात सकाळी 7.5 आणि दुपारी 9 निघाला, तर पेटीला खोटी म्हणू नका. दोन्ही वेळा मोजा व वेळेसह वहीत लिहा.

हा खटाटोप अमोनियासाठी आहे. पेटीतले थेंब विषारी व बिनविषारी मिळून सगळा अमोनिया दाखवतात. पाणी 28 अंश सेल्सिअस असताना सामू 7 असेल, तर त्यात शंभरातला एक भागही विषारी नसतो. सामू 9 झाला की सुमारे 40 भाग विषारी होतात. कळीच्या चुन्याने सामू चढतो. म्हणजे अमोनिया साठलेल्या तळ्यात तो टाकणे हे मासे मारण्याचेच काम! अशा वेळी खाद्य बंद ठेवा, थोडे पाणी काढा आणि विहिरीचे पाणी उंचावरून सोडा. मासे फक्त पहाटेच तोंड काढत असतील, तर बहुधा प्राणवायू कमी पडलेला असतो.

पाणी काठाचे न घेता हातभर खोलीवरून घ्यावे. नळी त्याच पाण्याने तीनदा विसळावी, साबण लावू नये. थेंब टाकताना बाटली सरळ उभी धरा. तिरपी धरली की थेंब लहानमोठे पडतात. नळीला अंगठा लावून हलवण्याची सवय सोडा, झाकणच लावा. युरियाचे हात तर मुळीच नकोत. माहितीपत्रकात दिलेली मिनिटे घड्याळ पाहून थांबा आणि रंग सावलीत, दिवसाच्या उजेडात जुळवा. पिवळ्या दिव्याखाली हिरवा कोणता नि पिवळा कोणता, हे कळत नाही. घरातल्या शाळकरी मुलीला दाखवा, तिची नजर आपल्याहून तयार असते.

बाटल्यांवरची मुदत पाहावी. शंका आली तर बॅटरीत घालायच्या पाण्यात अमोनिया तपासा. त्यालाही रंग चढला तर थेंब बिघडले असे समजा व पेटी बदला.