लायब्ररी एकाच जागी ठेवा

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी दर पावसाळ्यात छापून येते. गडचिरोलीतल्या अशा गावच्या शाळेत लिनक्स बसवायचं, तर त्याच्या लायब्ररी कुठे ठेवायच्या हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांच्या वादाचा राहत नाही.

लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमना सारखाच लागणारा तयार कोड. चित्र उघडायचं असो वा पासवर्ड सुरक्षित पाठवायचा असो, प्रत्येकाने तो नव्याने लिहायला नको. जुन्या रीतीत त्या ‘लिब’ आणि ‘यूएसआर-लिब’ अशा दोन फोल्डरांत विभागलेल्या असत. यामागे काही थोर तत्त्व असेल असं वाटतं, पण तसं नव्हतं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सला पहिली डिस्क पुरेना, म्हणून काही सामान दुसरीवर गेलं. समर्थनं मागाहून आली! फेडोरा या लिनक्स डिस्ट्रोने (म्हणजे तयार लिनक्स संचाने) 2012 मध्ये दोन्ही जागा एक केल्या; डेबियनला त्यासाठी 2023 उजाडलं.

आता वारं उलटं वाहतंय. स्नॅप, फ्लॅटपॅकसारख्या पद्धतींत ॲप आपल्या बऱ्याच लायब्ररी सोबतच आणतं. नवं ॲप जुन्या डिस्ट्रोवर चालतं, ही सोय खरी. फ्लॅटपॅकचा पाया सामायिक असतो, पण दोन ॲपना त्याच्या वेगळ्या आवृत्त्या लागल्या की पुन्हा शेकडो एमबी डाउनलोड करा.

खरी अडचण दुरुस्तीची आहे. 2014 मध्ये माहिती सुरक्षित पाठवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ हा दोष सापडला, तेव्हा सामायिक लायब्ररी बदलली, सेवा पुन्हा सुरू केल्या की तिच्यावरचे सगळे प्रोग्रॅम सुधारत. 2023 मध्ये चित्रं उघडणाऱ्या ‘लिबवेबपी’ लायब्ररीत दोष निघाला. तिची प्रत पोटात बाळगणाऱ्या प्रत्येक ॲपला मात्र वेगळा अपडेट लागला. पुण्यात तो चहा होईपर्यंत उतरतो. भामरागडात?

सामायिक लायब्ररीत कुणी विष कालवलं तर सगळ्यांनाच बाधू शकतं, हे 2024 मध्ये ‘एक्सझेड’च्या लायब्ररीत चोरवाट घुसवली गेली तेव्हा दिसलं. तरीही सुधारायची जागा एकच असलेली परवडते.

सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं बॉस लिनक्स डेबियनवरच उभं आहे, मराठीही त्यात आहे. सी-डॅकने बॉसमध्ये लायब्ररी ‘यूएसआर-लिब’मध्येच ठेवाव्यात. आणि गोंडवाना विद्यापीठाने अपडेटचा साठा गडचिरोलीत ठेवावा. ‘एपीटी-ऑफलाइन’ या साधनाने गरजेची पॅकेजेस तिथून पेन ड्राइव्हवर घेता येतील आणि गावातल्या संगणकावर इंटरनेटशिवाय चढवता येतील. पूर येण्याआधी एवढं व्हावं.