तुरीचा शेंडा खुडा, पण वेळेत

तूर उंच गेली की आपल्याला बरं वाटतं. पण शेंगा धरतात त्या फांद्यांना. नुसत्या उंचीनं पोतं भरत नाही. म्हणून जून-जुलैत पेरलेली तूर साधारण ४५ दिवसांची झाली की वरचा पाच-सहा सेंटीमीटर कोवळा शेंडा खुडून टाका. तो शेंडा एक संप्रेरक खाली धाडत असतो आणि पानांच्या बगलेतले डोळे दबून राहतात. शेंडा गेला की ते फुटतात, झाड रुंदावतं. पुढं ६५ दिवसांच्या सुमारास नव्या फांद्यांचे शेंडे पुन्हा एकदा काढता येतात.

थोड्या रानाला हात किंवा विळा पुरतो. जास्त असेल तर बॅटरीवर चालणारं खुडणी यंत्र भाड्यानं मिळतं का ते बघा. यंत्र हातात आलं की माणूस सपासप कापत सुटतो, तेवढं टाळा. कोवळं तेवढंच काढायचं, टणक खोडाला पातं लागू द्यायचं नाही. मर लागलेली झाडं आधी उपटून बाहेर काढा.

रानात ओल नसेल, पावसानं ताण दिला असेल, तर थांबा. तहानलेलं झाड नवी फूट कुठून देणार? कळी दिसू लागली की मग शेंड्याला हातच लावू नका. उशिरा खुडलं की फुलोरा लांबतो, आणि हलक्या कोरडवाहू जमिनीत तोवर ओल संपून जाते. तूर आधीच दाट पेरली असेल तर खुडणीचा फारसा उपयोग नाही. फांद्यांना पसरायला जागा लागते, ती विरळणीच्या वेळीच ठेवायला हवी होती.

इतर पिकांचं गणित वेगळं. कपाशीत बुडाच्या गळफांद्या लवकर काढतात, शेंडा पुष्कळ पुढं, बोंडं धरू लागल्यावर. मक्याला, ज्वारीला शेंडा खुडणं चालत नाही. नारळाचा तर एकच कोंब असतो, तो छाटला की झाड गेलं.

हरभऱ्याचे शेंडे फुलं येण्याआधी, पेरणीपासून महिनाभरात खुडा. त्यांची भाजी तुम्हाला सांगायला नकोच. ताजी करा, वाळवून ठेवा. नुकतंच औषध मारलं असेल तर मात्र ते शेंडे घरी आणू नका, गुरांनाही घालू नका.